हजेरीची छत्री

आमच्या निपाणीकडे पाऊस येतो आणि जातो. कणकुंबीत तो मुक्कामाला येतो. जूनमध्ये चोर्ल्याच्या घाटावरून ढग एकदा आत शिरले की दसऱ्यापर्यंत भिंती ओल्या, चुलीवरच्या दोरीला टाकलेले कपडे ओले, पोरांच्या वह्या ओल्या. मलप्रभा इथंच उगम पावते आणि पुढं कूडलसंगमला जाऊन कृष्णेला मिळते, हे मी मुलांना नकाशावर बोट ठेवून शिकवायचे. पण नदीचा उगम म्हणजे काय हे त्या पोरांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांच्या वाटेत रोज तीनतीन उगम असायचे.

त्या भागातल्या एका मराठी शाळेत मी नऊ वर्षं शिक्षिका होते. आठवडाभर भाड्याच्या खोलीत राहायचं आणि शनिवारी दुपारी शाळा सुटली की जांबोटीवरून बेळगाव, तिथून निपाणी. गावात जैनाचं घर एकही नव्हतं. सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या, पाणी गाळून, उकळून पिणाऱ्या बाई म्हणून पोरांना माझं फार नवल. एकीनं विचारलं होतं, "बाई, तुमच्या पाण्यात काय असतं ओ?" मी म्हटलं, "तुमच्या पाण्यात जे असतं तेच. डोळ्यांना न दिसणारे जीव." ती वाकून किती वेळ तांब्यात बघत बसली होती.

शाळेची अडचण एकच होती, पावसाळ्यातली हजेरी. ओढ्याला पाणी आलं की पलीकडच्या वाड्यावरची मुलं येत नसत. भाताची लावणी सुरू झाली की मोठ्या मुली घरात धाकट्यांना सांभाळायला राहत. म्हणून मी एक युक्ती काढली. जूनपासून शिक्षक दिनापर्यंत जो एकही दिवस चुकवणार नाही त्याला छत्री. चांगली, दांड्याची, काळी छत्री. बेळगावच्या खडेबाजारातून मी माझ्या पैशानं आणायचे. प्लास्टिकची खोळ पांघरून येणाऱ्या पोरांना छत्रीचं किती अप्रूप, हे शहरातल्या बायकांना सांगून कळणार नाही. युक्ती लागू पडली. पहिल्या वर्षी दोन छत्र्या गेल्या, दुसऱ्या वर्षी तीन. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. निपाणीच्या महिला मंडळात मी ते सांगितलंही होतं, आणि टाळ्या घेतल्या होत्या.

मग आलं २००९ साल.

एप्रिलमध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत डुकराचा म्हणून एक ताप निघाला, तो जूनमध्ये जगभर पसरला. ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेनं महामारी जाहीर केली. आपल्याकडे जुलैत पाचगणीच्या एका निवासी शाळेत मुलं आजारी पडली. ३ ऑगस्टला पुण्यात १४ वर्षांची एक शाळकरी मुलगी गेली, देशातला पहिला मृत्यू. मग पुण्याच्या शाळा बंद, मुंबईच्या शाळा बंद, सिनेमागृहं बंद. नायडू रुग्णालयापुढच्या रांगा टीव्हीवर दिसायच्या. रस्त्यावर मास्क विकत होते आणि रोज भाव वाढत होते. त्याच महिन्यात बंगळूरला एक बाई गेली, ती एका शाळेतली तरुण शिक्षिका होती. ही बातमी वाचताना मात्र माझा चहाचा कप हातातच राहिला.

पण हे सगळं शहरात. घाटात कसला स्वाइन फ्लू? इथं डुक्कर दिसलं तर रानडुक्कर. आम्ही शिक्षक असं हसून बोललो होतो.

घाटातली अर्धी घरं गोव्याच्या आणि पुण्याच्या पगारावर चालतात, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. आणि चतुर्थीला ते सगळे पगार, म्हणजे माणसं, घरी येतात. २३ ऑगस्टला गणपती होते. म्हापशाहून, फोंड्याहून, पुण्या-मुंबईहून गाड्या भरभरून आल्या. आमच्या पाचवीतल्या एका मुलाचा भाऊ पुण्याहून आला, दोन दिवस अंग दुखतंय म्हणून झोपून राहिला आणि परत गेला. पुढच्या सोमवारपासून तो मुलगा वर्गात खोकत होता. त्या वर्षी छत्रीच्या शर्यतीत चौघं उरली होती, त्यांतला तो एक. पाऊस आत येतो म्हणून वर्गाच्या खिडक्या बंद. पाचवी-सहावी एकाच खोलीत. मी त्याला विचारलं, "बरं नाही का रे?" तो म्हणाला, "नुस्ता खोकला हाय बाई." मी पुढं शिकवायला लागले.

बुधवारी संध्याकाळी मी रजा टाकून निपाणीला गेले. दशलक्षणाचे शेवटचे दिवस होते. अनंत चतुर्दशीला बस्तीत पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या नात्यातल्या एका बाईंनी दहा उपवास धरले होते. नवव्या दिवशी त्यांना ताप भरला. दोघींनी दोन बाजूंनी धरून त्यांना अभिषेकाला आणलं. "बघा, ताप असून नेम मोडला नाही," म्हणून सगळ्यांनी त्यांच्या पाया पडून घेतलं. मीही पडले. त्यांचा हात माझ्या डोक्यावर टेकला तो चटका बसण्याइतका गरम होता, आणि मला तो तपाचा वाटला.

हे लिहिताना कुणाच्या श्रद्धेला बोट लावायचं नाही मला. त्यांना नेम पाळायचा होता, तो त्यांनी पाळला. पण त्या दिवशी त्यांना धरून आणणाऱ्या आम्ही होतो आणि वाखाणणाऱ्याही आम्हीच.

५ सप्टेंबरला, शनिवारी, शिक्षक दिन. चौघांतले दोघं गळाले होते. खोकणारा मुलगा आला होता आणि सहावीतली एक मुलगी. ही पलीकडच्या वाड्यावरून अडीच-तीन किलोमीटर चालत येणारी. बाप गोव्यात, आई घरी, धाकटा भाऊ पहिलीत. वर्गातली माझी आवडती मुलगी होती, हे कबूल करते. छत्री घ्यायला ती पुढं आली तेव्हा डोळे लाल, ओठ सुकलेले. मी डोक्यावर हात ठेवला तर अंग तापलेलं. आणि मी, बी.एड. झालेली, वर्तमानपत्र वाचणारी बाई, मुलांकडे वळून काय बोलले? "बघा. अंगात ताप असून ही पावसातून चालत आली. याला म्हणतात शाळेची ओढ." पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिनं छत्री छातीशी धरली. नंतर खाली बसून तासभर ती इतरांच्यात खोकत होती.

पुढच्या बुधवारपर्यंत त्या खोलीतल्या ३४ मुलांपैकी १३ गैरहजर. मला मंगळवारीच ताप आला. हाडं कुणीतरी मुसळानं कुटल्यासारखी. खोलीत मी एकटी पडून होते. घरमालकीण वैनी दाराशी पेज ठेवून जायच्या.

त्या मुलीची आई सात महिन्यांची गरोदर होती. गुरुवारी तिला धाप लागली. आरोग्य केंद्रातून तिला लगेच पुढं पाठवलं. पावसातून जीपनं बेळगावला न्यायला अडीच तास लागले. बारा दिवस ती दवाखान्यात होती. घशातला नमुना घेतला होता, त्याचा निकाल ती थोडी सावरल्यावर आला. तोच आजार. बाई वाचली. बाळ राहिलं नाही.

मी हे आजवर कुठं लिहिलं नव्हतं.

नंतर मी या आजारावर मिळेल ते वाचलं. आधी वाचायला हवं होतं. फ्लूचा माणूस ताप चढायच्या एक दिवस आधीपासूनच दुसऱ्याला आजार देऊ शकतो, आणि नंतर पाच-सात दिवस देत राहतो. लहान मुलं त्याहून जास्त दिवस. खोकल्या-शिंकेचे तुषार हाताभराच्या अंतरावर बसलेल्याच्या नाकातोंडात जातात, बाकावर, पाटीवर, नळाच्या तोटीवर पडतात. तिथून हाताला, हातातून तोंडाला. त्या सालच्या फ्लूची एक वेगळीच रीत होती. म्हाताऱ्यांना तो कमी लागला, त्यांच्या अंगात जुन्या साथींची थोडी ओळख उरली होती. तरण्याताठ्यांना आणि गरोदर बायकांना त्यानं जास्त गाठलं. म्हणजे शाळेतून तो ज्या घरी जाणार, त्या घरातल्या आईलाच. शाळेतल्या पोरांच्या आया म्हणजे कोण? बावीस-पंचवीस-तीस वर्षांच्या पोरीच.

आता हिशेब मांडते. त्या मुलीला आजार त्या मुलाकडून आला असेल. तो मुलगा खोकत शाळेत आला तो छत्रीसाठी. मुलीकडून आणखी मुलांना गेला असेल, ती आली तीही छत्रीसाठी. कदाचित मुलीला तो गावातल्या गणपतीच्या आरतीतही लागला असेल, देव जाणे. खात्रीनं काही सांगता येत नाही. कुणी मला बोल लावला नाही. पण छत्री माझी होती.

माझी आज्जी १९१८च्या मानमोडीतून वाचलेली. दूधगंगेच्या काठचं आमचं माहेरचं गाव. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. ती सांगायची, "पिलेगात बरं हुतं बाळ. उंदीर पडला की घर सोडायचं, माळावर झोपडी घालून ऱ्हायचं. मानमोडीत माणूसच माणसाला द्यायचं. मग कुणाला सोडून जायाचं?" जूनमध्ये मुंबईच्या गोदीत ती साथ उतरली होती, आणि पहिली लाट सौम्य गेली म्हणून लोक निर्धास्त झाले. सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी आली ती खेड्यापाड्यात शिरली. त्यातच त्या वर्षी पावसानं दगा दिलेला. हिंदुस्थानात एक कोटीहून खूप अधिक माणसं गेली. १९२१च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या १९११पेक्षा कमी भरली होती, यावरून अंदाज करा.

आज्जीच्या गोष्टीत तिची एक आत्ती असायची. बालविधवा, आमच्या घरीच राहिलेली. ती रोज मोठ्या हंड्यात जोंधळ्याची अंबील करायची आणि गल्लीतल्या ज्या घरात माणसं पडलेली त्या घराच्या उंबऱ्यावर ठेवायची. कडी वाजवायची आणि चार पावलं मागं सरायची. आतलं कुणी बाहेर येऊन भांडं उचलेपर्यंत ती तिथंच उभी. उचललं नाही तर तिला कळायचं, की या घरात आता उठणारं कुणी नाही. मग ती गावच्या लोकांना बोलवायची. "घरात ऱ्हावा, मी आणून देते," एवढंच ती सांगत फिरायची. मला लहानपणी ही दानधर्माची गोष्ट वाटायची.

त्याच १९१८ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया नावाच्या शहरानं साथ सुरू असताना २८ सप्टेंबरला मोठी मिरवणूक काढली आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथं हजारो माणसं मेली. सेंट लुईस शहरानं ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच शाळा, नाटकघरं, चर्च बंद केली. तिथं मृत्यू पुष्कळ कमी झाले. हे बरेच जण सांगतात. मला जास्त विचार करायला लावलं ते न्यूयॉर्कनं. त्यांनी शाळा चालूच ठेवल्या. गरिबांची मुलं कोंदट चाळीत राहण्यापेक्षा उजेडाच्या वर्गात बरी, असं त्यांनी धरलं, पण रोज सकाळी प्रत्येक मूल तपासायचं आणि आजारी दिसेल ते घरी पाठवायचं. म्हणजे शाळा उघडी की बंद यापेक्षाही, आजारी मूल कुठं आहे हे महत्त्वाचं. आमच्याकडे तर शाळा बंद म्हणजे दुपारचं जेवणही बंद. अन्न-सांबारासाठी येणारी मुलं मला माहीत होती. त्यांना ताप असला तरी ती येणारच. तापात भूक नसते, पण धाकट्याला जेवायला घेऊन यायचं असतं.

ऑक्टोबरच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा मी मुख्याध्यापकांकडे गेले. म्हटलं, छत्री बंद. ते भले माणूस, म्हणाले, "बाई, हजेरी पडेल." मी म्हटलं, "पडू दे गुरुजी. मला सकाळची दहा मिनिटं द्या."

प्रार्थना वर्गात घ्यायचो ती पडवीत घ्यायला लागलो. मुलांना हात पसरून उभं करायचं, बोटं एकमेकांना लागता कामा नयेत. आणि रोज एकच प्रश्न, "रात्री कुणाला ताप होता? खोकला कुणाला आहे?" पहिले चार दिवस एक हात वर झाला नाही. अर्धी मुलं नाक ओढत होती! कारण पोरांना ठाऊक की ताप सांगितला की बाई घरी पाठवतात, घरी गेलं की आई ओरडते, आणि आज जेवण चुकतं. पाचव्या दिवशी तिसरीतल्या एका पोरानं भीत भीत हात वर केला. स्वयंपाकाच्या मावशींनी त्याच्या डब्यात आधी अन्न-सांबार भरलं, मग मोठ्या भावाबरोबर त्याला घरी धाडलं. नियमात बसतं की नाही ते आम्ही कुणाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सहा हात वर. त्यातल्या दोघांना गणिताचा ताप होता, तो मी ओळखला. पण त्यांनाही पाठवलं. एकदा खोटं ठरवलं असतं तर खरे हातही खाली गेले असते.

माझ्या वहीत मी गैरहजरीचे दोन रकाने केले. एक नुसता गैरहजर, एक "आजारी म्हणून घरी". दुसऱ्या रकान्यातल्या मुलाला परत आल्यावर कुणी काही बोलायचं नाही, चुकलेला अभ्यास मी करून घ्यायचा. ताप गोळीशिवाय उतरून पूर्ण एक दिवस गेला की मगच शाळेत यायचं. हे "गोळीशिवाय" फार समजावून सांगावं लागलं. आया सकाळी तापाची गोळी देऊन मूल पाठवत, शाळेत येईपर्यंत अंग थंड, बारा वाजता पुन्हा चढलेलं. त्यात आयांची तरी काय चूक? रानात जायचं असतं, मूल कुणाकडे ठेवायचं?

साबण हा दुसरा घोळ. नळाशी साबण ठेवला की दुपारपर्यंत गायब, नाहीतर पाण्यात विरघळून चिखल. कांद्याची जाळीदार पिशवी असते ना, तिचा तुकडा कापून त्यात साबण घातला आणि नळाला दोरीनं बांधला. ओले हात जाळीवर चोळले की फेस येतो, साबण लोंबकळत सुकतो, आणि चोरायचा तर दोरी सोडवावी लागते. पंधरा दिवस टिकायला लागला. वीस सेकंद हात धुवा म्हटलं तर पोरांना सेकंद कळत नाहीत. मी त्यांना दोनचा पाढा म्हणायला लावला, सावकाश. पाढाही पाठ झाला. खोकला आला की तळहात नको, कोपराच्या खोबणीत खोका. हे मुलांनी इतकं उचललं की गावातली म्हातारी माणसं पटकन तोंडावर हात नेत तर पोरं त्यांना रस्त्यात अडवून दुरुस्त करायची. वाऱ्याकडच्या खिडक्या बंद आणि आडोशाकडच्या दोन पावसातसुद्धा उघड्या. त्या बाजूची रांग भिजायची, तर रोज रांग बदलायची.

यातलं काहीच मोठं नव्हतं. पैसे गेले ते साबणाचे. त्या हिवाळ्यात सर्दी-ताप आला नाही असं नाही, पण अर्धा वर्ग एकदम झोपला असं पुन्हा माझ्या शाळेत झालं नाही.

२०२० आलं तेव्हा मी निवृत्त होऊन निपाणीत होते. त्या भाद्रपदात बस्तीला कुलूप. उपाध्ये एकटे अभिषेक करायचे, आम्ही मोबाइलवर बघायचो. पाणी गाळायचं फडकं आपण दुहेरी घडीचं घेतो, तसे दुहेरी घडीचे मास्क मी सुनेबरोबर शिवत बसले. मला वाटलं होतं, ज्या आपल्या समाजात आज्या-पणज्यांपासून न दिसणाऱ्या जिवांचा विचार आहे, फडक्यात राहिलेले जीव परत विहिरीत नेऊन सोडायची रीत आहे, त्यांना विषाणूचं काही नव्यानं सांगावं लागणार नाही. कशाचं काय! आमच्याच भावकीत एका लग्नाला मुलाच्या मामानं ताप लपवला. मामा नसेल तर लग्न कसं लागायचं, असं त्याला वाटलं. मला त्याचा राग आला नाही. लाल डोळ्यांची छत्रीवाली आठवली. न येण्याची मुभा त्याला कुणी दिली होती? आम्ही दोन महिने आधी फोन करकरून "तुम्ही पाहिजेच" म्हणत होतो.

तंबाखूच्या वखारीत जाणाऱ्या आमच्या गल्लीतल्या बायकांचं तर वेगळंच. एकीला खोकला होता. मी म्हटलं, "अगं, घरी थांब." ती म्हणाली, "आक्का, थांबते की. हजेरी तुम्ही देता का?" हजेरी म्हणजे तिच्या भाषेत दिवसाचा पगार. शब्द तोच. मी त्या आठवड्यात तिची हजेरी दिली. एका बाईची दिली, वखारीत बाया शेकड्यानं होत्या.

शाळेचं तर विचारू नका. कर्नाटकात पहिली ते पाचवीचे वर्ग मार्च २०२० ला बंद झाले ते ऑक्टोबर २०२१ संपत आला तेव्हा उघडले. मधे काही आठवडे "विद्यागम" म्हणून शिक्षक देवळाच्या पारावर, झाडाखाली मुलांना शिकवत होते, तेही थांबलं. माझ्या जागी आलेली तरुण शिक्षिका घाटातून फोन करायची, "बाई, पोरं अक्षरं विसरली ओ." तिला मी जाळीतला साबण सांगितला तर ती हसली. म्हणाली, "तो अजून हाय की इथं. तुमचाच होय?"

आता राहिलेलं सांगते. २०१०च्या ऑगस्टमध्ये जगातली ती महामारी संपल्याचं जाहीर झालं. त्या वर्षी दशलक्षण झालं आणि क्षमावाणीचा दिवस आला. आपण काय करतो त्या दिवशी? बस्तीतून बाहेर पडताना जाऊबाईंना, विहिणीला, मैत्रिणीला हात जोडतो, "उत्तम क्षमा." ज्यांचं आपण फारसं काही बिघडवलेलं नसतं त्यांचीच क्षमा मागतो. मी दुसऱ्या दिवशी कणकुंबीला गेले आणि शाळा सुटल्यावर त्या वाड्याची वाट धरली. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. मुलगी तेव्हा सातवीत, माझ्या पुढं तीच छत्री घेऊन चालत होती. माझ्याकडेही छत्री होती, पण तिनं तिचीच माझ्या डोक्यावर धरली.

तिची आई पडवीत भाताचं तूस पाखडत होती. वर्षभरात ती फार वाळली होती. मी काय बोलायचं ते ठरवून गेले होते, ते सगळं विसरले. म्हटलं, "त्या दिवशी तिला ताप होता. मला हाताला लागला होता. मी तिला घरी पाठवायला पाहिजे होतं, आणि मी टाळ्या वाजवायला लावल्या."

ती सूप खाली ठेवून बघत राहिली. मग म्हणाली, "मीच म्हटलं हुतं बाई तिला, नको जाऊ, अंग तापलंय. ती म्हणाली, बाईंनी सांगितलंय, आजचा दिवस चुकला तर मिळणार नाही." आणि थोड्या वेळानं, "तुम्ही सांगितल्यावर मी काय बोलणार?"

मी काहीच बोलू शकले नाही. तिनं कोऱ्या चहाचं आधण ठेवलं. अंधार पडायच्या आत चहा घ्या म्हणाली, माझा नेम तिला मुलीकडून कळला होता. आतल्या खोलीत कुणीतरी खोकलं. धाकटा मुलगा घोंगडीवर बसून पाटीवर चित्र काढत होता.

"नाक गळतंय त्याचं कालपासनं," ती म्हणाली. "आज ठेवला घरात. उद्याही नाही पाठवत."

मी वही काढली आणि त्याचं नाव दुसऱ्या रकान्यात लिहिलं.